बॉडी नवी, गेमबॉय जुना

निन्टेन्डोचा पहिला गेमबॉय १९८९ सालचा. तो उघडायचा तर सहा स्क्रू काढावे लागतात, चार पाठीवरचे आणि दोन बॅटरीच्या खणातले. घरातला स्टार स्क्रूड्रायव्हर इथे कामाचा नाही, कारण या स्क्रूच्या डोक्यावर तीन पाकळ्यांची खाच असते. गिऱ्हाइकाने आत डोकावू नये, हा त्यामागचा हेतू काही लपत नाही. आज मात्र तसा स्क्रूड्रायव्हर किरकोळ किमतीला ऑनलाइन मिळतो आणि त्याच्या जोडीला गेमबॉयची नवीकोरी बॉडीसुद्धा: पारदर्शक, जांभळी, अंधारात चमकणारी किंवा थेट मूळच्यासारखी राखाडी. ती निन्टेन्डोची नसते. बहुतेकदा चीनमधल्या कारखान्यांत तयार होते.

गंमत अशी, की बॉडी बदलणाऱ्यांपैकी अनेकांचा गेमबॉय व्यवस्थित चालू असतो. त्याचा जनक गुन्पेई योकोई याचा भर मुद्दामच जुन्या, स्वस्त आणि पुरत्या मुरलेल्या तंत्रावर होता. पडदा चार छटांचा, जेमतेम १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा. मागून प्रकाश नाही, रंग नाहीत. म्हणून चार पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चाले आणि आतला बोर्ड आजही सहसा दगा देत नाही. झिजतं ते बाहेरचं. कोपरे घासतात, पडद्यावरच्या काचेला ओरखडे पडतात, राखाडी प्लास्टिक ऊन आणि उष्णता खाऊन पिवळं पडतं.

काम घरच्या टेबलावर होण्यासारखं आहे, पण घाईचं नाही. पुढच्या अर्ध्यात पडद्याचा बोर्ड आणि मागच्या अर्ध्यात मुख्य बोर्ड. दोघांना जोडणारी पातळ पट्टीसारखी केबल. पाठ झटक्यात ओढली की केबलवर ताण आलाच. ती सॉकेटमधून सरळ रेषेत, हलकेच सोडवायची. बटणांखालचे रबरी पॅड पुसून घ्यायचे. जुने सेल फुटून बॅटरीच्या पत्र्यांवर क्षार साठला असेल, तर थोड्या व्हिनेगरने तो निघतो. नव्या बॉडीत स्क्रूचे आटे बहुधा तयार नसतात. पहिल्यांदा आत जाणारा स्क्रूच प्लास्टिकमध्ये ते पाडतो. तिथे मनगटाचा जोर दाखवला, की आटे गेले. आणि काच चिकटवण्याआधी धुळीचा एक कण जरी पडद्यावर राहिला, तरी पुढे नजर सारखी त्याच्याकडेच जाते.

मूळ वस्तूचं सोवळं पाळणारे संग्राहक या उद्योगावर नाक मुरडतात. हातांच्या खुणा ज्यावर उमटल्या तेच फेकून दिल्यावर राहिलं काय, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. आखाती युद्धाच्या काळात आगीत होरपळलेला एक गेमबॉय निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात कितीतरी वर्षं मांडलेला होता. पुढची बाजू काळवंडलेली, वितळलेली आणि पडद्यावर टेट्रिस चालू! त्याला कुणी नवी बॉडी चढवली असती, तर दुकानातल्या इतर मालात आणि त्याच्यात फरक उरला नसता.

पण सगळेच गेमबॉय आगीतून आलेले नसतात. शिवाय रंगरूप बदलून तेच यंत्र पुन्हा पुढे करण्याचा धडा खुद्द निन्टेन्डोनेच घालून दिला आहे. १९९५ साली कंपनीने लाल, पिवळे, हिरवे, पारदर्शक गेमबॉय बाजारात आणले. आतलं यंत्र जुनंच होतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. नोकियाच्या जमान्यात मोबाइलच्या दुकानांत टांगलेली पॅनेलं आणि ‘बॉडी बदलून द्या’ म्हणत उभी असलेली कॉलेजची पोरं अनेकांनी पाहिली आहेत. त्या पोरांना मूळपणाची चिंता नव्हती.

संग्रहालयांत जतन करणाऱ्यांचा एक दंडक इथे उपयोगी पडतो: जे केलं ते शक्यतो पुन्हा उलटवता यावं. या कसोटीवर सोवळ्यांचीच पंचाईत होते. मूळ बॉडी राखायची म्हणून तिचा पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडने उतरवणं, हा रासायनिक बदल आहे. तो मागे घेता येत नाही, आणि पिवळेपणा कधीकधी परततो तो वेगळाच. नवा, उजळ पडदा बसवण्यासाठी मूळ बॉडी आतून कापणं तर त्याहून वाईट. कापलेलं प्लास्टिक परत येत नाही. त्यापेक्षा आधीच कापून आलेली परकी बॉडी आणावी, बोर्ड तिच्यात हलवावा आणि मूळ दोन अर्धी पिशवीत घालून ठेवावीत. मन बदललं, तर सहा स्क्रूंचंच काम. वरवर सर्वांत बेदरकार दिसणारी ही दुरुस्ती प्रत्यक्षात सर्वांत सौम्य ठरते, फक्त जुनी बॉडी कचऱ्यात जाता कामा नये.

खरी लबाडी विक्रीच्या वेळी होऊ शकते. गेमबॉयच्या पाठीवर अनुक्रमांकाचं स्टिकर असतं, आणि नव्या बॉडीसाठी त्याच्या नकला सर्रास मिळतात. राखाडी बॉडी, हुबेहूब स्टिकर आणि ‘जसाच्या तसा’ असं वर्णन, एवढ्यावर अनोळखी गिऱ्हाईक फसतं. जांभळ्या पारदर्शक बॉडीबद्दल हा धोका नाही. ती पहिल्या नजरेतच आपली जात सांगते. राखाडी बॉडी विकणाऱ्याने मात्र बदल तोंडाने सांगावा आणि ओरखड्यांची मूळ पाठ, तिच्यावरच्या खऱ्या स्टिकरसकट, त्याच खोक्यात घालून द्यावी.