फुप्फुसांचं देणं

भाचा इथल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या, ट्रिपल आयटीएममध्ये शिकतो. मार्च 2024 मध्ये केंद्राने इंडिया-एआय मिशनला 10,371.92 कोटी रुपये मंजूर केले, तेव्हापासून स्वारी जमिनीवर नाही. मग दुसऱ्या एका योजनेतून आरोग्य, शेती आणि शहरं अशा तीन एआय केंद्रांना 990 कोटी ठरले आणि आरोग्याचं केंद्र दिल्लीच्या एम्स व आयआयटीकडे गेलं. परवा जेवताना म्हणाला, "आत्या, सरकारने संशोधनाच्या पदरात एवढं मोठं दान टाकलं, आणि तुझं तोंड वाकडंच!"

पैशाबद्दल माझी तक्रार नाही. क्षयावर, कर्करोगावर सरकारने खर्च करायचा नाही तर कशावर करायचा? माझं भांडण आहे ते याला दान म्हणण्याशी. यातला पहिला दाता सरकार नाही.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रे खात्यात झाली. "साँस खींचो, रोको, छोड़ो" हे शब्द मी आयुष्यात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारले असतील. तेव्हा डार्करूम होती. लाल दिव्यात फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग हायपोत, मग पाण्यात, आणि हँगरला लावून वाळवायची. त्या फिल्ममध्ये चांदी असते. जुन्या फिल्म किलोच्या भावाने जात, वापरलेल्या हायपोतूनसुद्धा चांदी काढणारे लोक होते. आता फिल्मच नाही, चित्र थेट पडद्यावर येतं. चांदी गेली, पण छातीच्या सावलीला भाव आला. यंत्राला क्षय ओळखायला शिकवायचं तर अशा हजारो सावल्या लागतात, आणि प्रत्येक सावली कोणाच्या तरी छातीची असते.

आमच्याकडे ती बरेचदा सहरियाची असते. घाटीगाव, शिवपुरी, श्योपुरकडचे हे आदिवासी. जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेने श्योपुरच्या सहरियांत केलेल्या पाहणीत फुप्फुसाच्या क्षयाचं प्रमाण लाखामागे दीड हजाराच्या वर निघालं होतं. त्यातले कितीतरी जण दगडाच्या खदानीत राबतात. वालुकाश्माची धूळ वर्षानुवर्षं आत गेली की फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक दाणे उमटतात. तो सिलिकोसिस. क्षयही बहुधा वरच्याच भागात दिसतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच छातीत असतात. एक्स-रे लाइट बॉक्सवर लावून दोन डॉक्टर वाद घालताहेत आणि तो माणूस बाहेर बाकावर खोकतोय, हे मी फार पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या छातीच्या एक्स-रेत क्षय हुडकायला सॉफ्टवेअर वापरण्यास मान्यता दिली. चांगलंच झालं, आमच्या तहसिलीत रेडिओलॉजिस्ट कुठून आणायचा? पण शहरी छात्यांवर शिकलेलं यंत्र खदानीतल्या छातीपुढे अडखळू शकतं. म्हणून त्याला सहरियांचे एक्स-रे हवेत. ज्याच्याकडे काही नाही म्हणतात, त्याच्याकडेच आज मागण्यासारखं काही आहे.

कीर्तनात दधीचीची गोष्ट कितीदा ऐकली. वृत्राला मारायला वज्र हवं होतं, ऋषीने हाडं दिली. बुवा त्यागावर तासभर रंगतात. मला मात्र त्याआधीचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. देव त्याच्या आश्रमात गेले आणि त्यांनी मागितलं. तो नाही म्हणू शकत होता. आजही मेडिकल कॉलेजात देहदानाचा फॉर्म भरताना साक्षीदारांच्या सह्या लागतात, घरच्यांशी बोलणं होतं. मेलेल्या शरीरासाठी एवढा रिवाज आणि जिवंत फुप्फुसाच्या चित्रासाठी ओपीडीच्या चिठ्ठीवरचा अंगठा? न मागता नेलेल्या वस्तूला दान कसं म्हणायचं?

"नाव काढून टाकतात गं," भाचा म्हणाला. टाकतात, ठाऊक आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानेही ठरावीक निकष पाळणाऱ्या संशोधनाला सूट दिली आहे. पण नाव काढलं तरी खदान राहतेच. सहरिया म्हणजे टीबी, असा शिक्का एका माणसावर नाही, अख्ख्या बिरादरीवर बसतो.

मग त्याने मला अडवलं, आणि बरोबर अडवलं. म्हणाला, "तुझ्या शास्त्रात माणूस कर्ज घेऊनच जन्माला येतो ना? मग सहरियावरही ते आहेच की. त्याला मिळणारं औषधही आधीच्या रोग्यांच्या जिवावरच सापडलं." खरं आहे. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला चौथं मनुष्यऋण सांगितलंय, बाकीच्या माणसांचं देणं. माझा सीटी स्कॅन कोणी मागितला तर मी आज देईन, कारण मी भरपूर घेतलंय: लसी, शस्त्रक्रिया, पेन्शन. पण ज्याला सहा महिन्यांची औषधं पुरी करण्याआधी खदानीवर परतावं लागतं, त्याच्या खात्यावर असं काय उधार मांडायचं? हिशोब नीट मांडला तर येणं त्याचं निघतं आणि देणं आपलं.

आणि फरक इथेच पडतो. दानाचा हिशोब दात्याने मागायचा नसतो, घेणाऱ्याने तर नाहीच. त्याने हात जोडायचे. कर्जाचं तसं नाही, तिथे सावकार दारात येऊन विचारू शकतो. सरकारचे कोटी हे दान मानले तर उद्घाटनाचा फोटो पुरतो. देणं मानलं तर विचारावं लागेल, की यंत्राने क्षय सांगितल्यावर घाटीगावात औषध कोण पोचवणार, खुराक कोण देणार, आणि सिलिकोसिस निघाला तर भरपाईचा कागद कोण करणार.

आयसीएमआरने आरोग्यातल्या एआयसाठी 2023 मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. स्वायत्तता, उत्तरदायित्व, समावेशकता सगळं आहे त्यात, कागद उत्तम आहे. संशोधनाच्या नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज एक सामान्य माणूस असावा लागतो. तत्त्वज्ञ किंवा धर्माचा अभ्यासकही चालतो, म्हणजे आमच्या बुवांचीही सोय आहे! पण हा सामान्य माणूस बहुतेकदा एखादा निवृत्त प्राध्यापक असतो, माझ्यासारखा पेन्शनवाला.

तेव्हा भाच्याला सांगितलं तेच इथे सांगते. या भागातल्या छात्यांवर सरकारी पैशाने यंत्र शिकवणार असाल, तर त्या समितीत एक खुर्ची सहरियाची ठेवा, त्याला त्याच्या बोलीत समजावा आणि नाही म्हणायचा हक्क द्या. बैठकीला येण्यात त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. तीही त्या कोटींतूनच द्या.