दोरीवरचा साप

सज्जनहो, रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपण पुष्कळदा ऐकला आहे. अंधारात दोरी पडलेली असते आणि माणूस 'साप, साप' म्हणून ओरडतो. यातले मर्म पाहा. ज्याने साप कधी पाहिला-ऐकला नाही, त्याला दोरीत साप दिसायचाच नाही. साप दोरीत नव्हताच. तो आपल्याच चित्तातून निघाला. शास्त्र याला अध्यास म्हणते. पूर्वग्रह तरी दुसरे काय? समोरचा माणूस कसा आहे हे पाहण्याआधीच, त्याच्या जातीविषयी लहानपणी कानावर पडलेले आपण त्याच्यावर लादतो. अहंकार त्याला खतपाणी घालतो. दुसरा खालचा ठरला की आपण आयतेच वरचे!

आता आमच्या कोल्हापुरातली कथा ऐका. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नोकरीस होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला लावले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज दुकानासमोर गाडी थांबवून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्यांनाही पाजीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध हुकूमही काढले. हुकुमाने दार उघडते खरे, पण उंबरा पायानेच ओलांडावा लागतो.

आणि आपले पंढरपूर? चोखोबांचे अभंग आपण शतकानुशतके गायिले. तरी त्यांच्या ज्ञातिबांधवांना देऊळ खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. नुसत्या गाण्याने साप जात नाही.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? काही वर्षांपूर्वी एका गावी कीर्तनाला गेलो होतो. एका गृहस्थांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि माझ्या तोंडून सहज गेले, "आडनाव काय म्हणायचं आपलं?" त्यांनी सांगितले आणि तांब्या हळूच मागे घेतला. रात्री माझा विषय होता भूतदया! मी तांब्या मागून घेऊन पाणी प्यालो. पण मागे गेलेला तो हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा बाबांनो, उपाय एकच. दिवा घेऊन जवळ जा. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडता, तसे गावी परतल्यावर एकमेकांच्या घरी जेवा. एकत्र कामाला लागा. पोरांच्या देखत कुणाची जात काढू नका. नाहीतर तोच साप त्यांच्या चित्तात जाऊन बसेल. आणि पाणी पुढे आले की आधी पाणी प्या. नाव मग विचारा, तेही प्रेमाने हाक मारण्यासाठी.

रामकृष्ण हरि!