हीन मूल्य आणि घेणाऱ्याचा धर्म

खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना नीतिशास्त्राने दोषाचे माप बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या पदरात टाकले आहे आणि त्याला सबळ कारणही आहे, कारण मालाची खोट ज्याला ठाऊक असते आणि ती दडवण्यात ज्याचा लाभ असतो, तो विकणाराच असतो. परंतु जुनी मोटारगाडी बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी किमतीत मिळत असताना, आणि विकणाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घ्यायला जागा असताना, जो माणूस काहीही न विचारता ती विकत घेतो, त्याला निव्वळ फसलेला म्हणावे की त्या लबाडीतील भागीदार म्हणावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि धर्मविचाराने त्याकडे दुर्लक्ष केलेले नाही.

जुन्या गाड्यांच्या बाजारात लपवाछपवीचे प्रकार ठरलेले आहेत. मीटर मागे फिरवून गाडी कमी पळाल्याचे भासवले जाते, ठोकलेल्या गाडीला नवा रंग चढवला जातो, आरसी बुकावर कर्जाचा बोजा असताना बँकेचा ना हरकत दाखला नंतर मिळेल असे सांगितले जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा महापुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विक्रीला उभी केली, तरी सीटखालच्या बोल्टांवरचा गंज, पायाखालचा गालिचा उचलल्यावर कोपऱ्यात दिसणारा वाळलेला गाळ आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्याच्या आतल्या भागावर उमटलेली गढूळ पाण्याची रेघ तिची हकिकत सांगतात. या खुणा पाहायला प्रत्येक वेळी मिस्त्री लागतो असे नाही; पाहण्याची इच्छा मात्र लागते.

विकणाऱ्याने किती सांगावे, हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात स्टोइक पंथातील दोन आचार्यांची परस्परविरोधी मते मांडली आहेत. बॅबिलोनच्या डायोजेनिसच्या मते कायदा जेवढे दोष उघड करायला सांगतो तेवढे केले की विकणारा मोकळा होतो, तर टार्ससच्या अँटिपेटरच्या मते घेणाऱ्याच्या हिताची माहिती त्याच्यापासून दडवणे हे माणसामाणसांतील नात्यालाच बाधक आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने आहे. भारतातील १८७२ चा करार कायदा मात्र डायोजेनिसच्या जवळ जातो, कारण त्याच्या सतराव्या कलमानुसार, बोलण्याचे विशेष कर्तव्य नसेल तर, नुसते गप्प राहणे हे कपट ठरत नाही. त्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत लिलावात विकला जाणारा सदोष घोडा आहे: विकणारा काहीच बोलला नाही तर ते कपट नव्हे, परंतु 'नाही' म्हटले नाही तर घोडा निकोप आहे असे धरले जाईल, असे घेणाऱ्याने आधी बजावले आणि त्यावरही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच ठरते. म्हणजे मौनाचे कपटात रूपांतर करण्याचे सामर्थ्य कायद्याने घेणाऱ्याच्या एका वाक्यात ठेवले आहे; आणि जो हे वाक्य उच्चारतच नाही, तो विकणाऱ्याला लबाडीची मोकळी वाट स्वतःहून करून देतो.

या मौनाची किंमत त्या दोघांपुरती राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० च्या ज्या निबंधात हे दाखवले, त्यात जुन्या मोटारींचाच बाजार उदाहरणादाखल घेतला होता, आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विचारपरंपरेतील कामासाठी. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसली की तो दोन्हींना मधलाच भाव देऊ करतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि हळूहळू बाजारात वाईट गाड्याच उरतात. नैतिक दृष्टीने याचा अर्थ असा की लबाड विक्रेत्याच्या लाभाची भरपाई ज्याने गाडी नीट सांभाळली, खरे सांगितले आणि म्हणून ज्याला योग्य भाव मिळाला नाही, असा व्यवहारात कुठेही नसलेला मालक करत असतो.

भारतीय धर्मशास्त्राने घेणाऱ्याच्या जबाबदारीचा विचार 'अस्वामिविक्रय' या व्यवहारपदाखाली केला आहे. व्यवहारपद म्हणजे राजसभेत ज्याची दाद मागता येते असा वादविषय, आणि अस्वामिविक्रय म्हणजे जो मालक नाही त्याने केलेली विक्री. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार अशी वस्तू मूळ मालकाला परत मिळतेच, पण त्याखेरीज जो ती हीन माणसाकडून, एकांतात, हीन मूल्याला किंवा अवेळी विकत घेतो, तो घेणाराही चोर समजावा. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' या टीकेत हीन म्हणजे ज्याच्यापाशी ती वस्तू येण्याचा काही मार्गच दिसत नाही असा माणूस, असा खुलासा केला आहे. येथे अल्प किंमत घेणाऱ्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी केली आहे, कारण वस्तू अकारण स्वस्त असते तेव्हा ते कारण शोधणे हे घेणाऱ्याचे काम ठरते.

हा नियम चोरीच्या मालाचा आहे, सदोष मालाचा नव्हे, अशी शंका येथे रास्तच आहे. तिचे उत्तर जैन आचारशास्त्रात सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या मर्यादित व्रताचे, जे पाच अतिचार किंवा स्खलने सांगितली आहेत, त्यांत चोराने आणलेली वस्तू घेणे आणि अस्सलच्या नावाखाली नकली माल खपवणे ही दोन्ही एकाच ओळीत बसवली आहेत. त्याच परंपरेत कर्माचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि मनाने संमती दिलेले, असे तीन भेद मानले जातात. विकणाऱ्याचे खोटे घेणाऱ्याने केलेले नसते आणि करवलेलेही नसते. पण त्या खोटेपणामुळे मिळणारी सवलत जेव्हा तो कारण न विचारता पदरात पाडून घेतो, तेव्हा तिसऱ्या अर्थाने ते त्याचेही कर्म होते.

तरीही सर्व घेणाऱ्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ज्याने विचारले, तपासले आणि तरीही जो फसला, तो निर्दोष आहे. ज्याला खोट उघड सांगितली गेली आणि तिच्या प्रमाणात किंमत उतरवून मिळाली, त्याचा व्यवहार तर सरळच आहे. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनीही एकाक्ष घोड्याचे उदाहरण देऊन, दोष डोळ्यांना दिसत असेल आणि भाव त्यानुसार कमी असेल तर विकणाऱ्यावर सांगण्याचे बंधन राहत नाही, असे म्हटले आहे. प्रश्न उरतो तो तिसऱ्या घेणाऱ्याचा, ज्याला माहीत नाही पण माहीत होऊ नये असेच वाटते. ज्याची ऐपत बेताची आहे आणि कामाधंद्यासाठी ज्याला गाडीवाचून गत्यंतर नाही, त्याचा मोह समजण्यासारखा आहे आणि त्याचा दोषही हलका मानला पाहिजे, परंतु गंजलेल्या ब्रेकची गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्यासमोरून चालणाऱ्याने ती किंमत ठरवलेली नसते. शिवाय विचारायला पैसे पडत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीने परीक्षेसाठी लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा दिवसांची मुदत दिली आहे, त्यावरून पारखून घेणे हा धनिकाचा षोक नसून प्रत्येक घेणाऱ्याचा हक्क आहे, असेच दिसते.

घेणाऱ्याच्या धर्माची खरी कसोटी मात्र गाडी पुन्हा विकताना लागते. जो स्वतः फसला, त्याला तीच गाडी तशीच गप्प राहून पुढे खपवण्याचा आपल्याला अधिकार मिळाला आहे असे वाटू लागते, आणि कालचा फसलेला आजचा फसवणारा होतो. गाडी नव्या मालकाच्या नावावर करण्यात चालढकल करणे हेही त्याच जातीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते असा निर्णय दिला आहे, तेव्हा नाव न बदलणारा घेणारा स्वतःच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या माथी मारतो. आपले झालेले नुकसान ही दुसऱ्याचे नुकसान करण्याची परवानगी ठरू शकत नाही, कारण ज्याच्याकडून ते वसूल केले जाते, त्याने ते केलेले नसते. म्हणून विकत घेण्यापूर्वी स्वस्ताईचे कारण विचारणे आणि विकताना खोट सांगून तिच्याइतका तोटा सोसणे, ही घेणाऱ्याची दोन कर्तव्ये आहेत, आणि विकणारा कितीही अप्रामाणिक असला तरी त्यांपैकी एकातूनही घेणाऱ्याची सुटका होत नाही.