सोळा आण्यांची वाट

तुर्कस्तानची राजधानी अंकारा. तिथल्या बिल्कंट विद्यापीठात १९८७ साली एर्दाल अरिकान नावाचे एक अभियंते शिकवायला रुजू झाले. वय तिशीच्या आतलं, पीएच.डी. अमेरिकेतल्या एमआयटीची, आणि मार्गदर्शक रॉबर्ट गॅलागर यांच्यासारखे नावाजलेले. मायदेशी परतताना अरिकान यांनी एक प्रश्न सोबत आणला होता. पुढची वीसेक वर्षं त्यांनी तो सोडला नाही.

प्रश्नाचं मूळ जुनं होतं. संदेश तारेतून जावो की हवेतून, वाटेत गोंगाट असतो आणि संदेशातले काही बिट (शून्य किंवा एक) हरवतात, काही उलटतात. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केलं, की अशा प्रत्येक वाटेची एक ठरावीक क्षमता असते आणि त्या मर्यादेत राहिलं तर संदेश जवळजवळ बिनचूक पोचवणारा कोड असतो. तो बांधायचा कसा, हे मात्र त्यांच्या सिद्धतेत नव्हतं. अभियंत्यांच्या पिढ्या त्या शोधात गुंतल्या.

गॅलागर त्यांतलेच. १९६० साली प्रबंधात त्यांनी एलडीपीसी नावाचा कोड मांडला. कोड उत्तम होता, पण तो उलगडायची आकडेमोड तेव्हाच्या संगणकांना झेपणारी नव्हती. गॅलागर दुसऱ्या प्रश्नांकडे वळले, संगणकांच्या जाळ्यांवर काम केलं, विद्यार्थी घडवले. कोड तीसेक वर्षं ग्रंथालयात पडून राहिला.

शिष्याची गोष्ट वेगळी. अरिकान शॅननच्या मर्यादेमागे धावतही नव्हते. संदेश उलगडण्याच्या एका जुन्या पद्धतीचा वेग एका ठिकाणी अडत असे, ती अडचण दूर करायची एवढाच त्यांचा हेतू होता. ते करता करता एक कल्पना हाती लागली. ती आण्यांच्या हिशेबात नीट समजते.

समजा, एका वाटेवर निम्मे बिट गहाळ होतात. पूर्ण भरवशाची वाट सोळा आण्यांची धरली, तर ही आठ आण्यांची. अशा दोन वाटा घ्या. पहिलीवरून दोन बिटांची बेरीज पाठवा (एक अधिक एक म्हणजे शून्य धरून), दुसरीवरून दुसरा बिट जसाच्या तसा. पलीकडच्याने आधी पहिला बिट ओळखायचा. त्यासाठी दोन्ही वाटांवरचा माल सुखरूप पोचायला हवा, म्हणून पहिल्या बिटाची वाट झाली चार आण्यांची. पहिला बिट एकदा कळला, की दुसरा ओळखायला दोहोंपैकी एक पोचलं तरी भागतं. दुसऱ्या बिटाची वाट झाली बारा आण्यांची. बेरीज तीच, सोळा आणे. फक्त वाटणी बदलली.

हाच खेळ पुन्हा केला तर चार वाटा मिळतात: एक आणा, सात आणे, नऊ आणे, पंधरा आणे. असंच पुढे करत राहा. वाटा हजारांनी झाल्या, की मधल्या किमतीच्या फारच थोड्या उरतात. बहुतेक वाटा एकतर जवळजवळ सोळा आणे होतात, नाहीतर जवळजवळ शून्य. मग माहिती फक्त भरलेल्या वाटांवरून पाठवायची. रिकाम्या वाटांवर शून्य ठेवायचं, दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेलं. आणि हे शून्य वायाही जात नाही. ते ठाऊक असतं म्हणूनच पुढचे बिट ओळखता येतात.

२००९ साली अरिकान यांचा हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या कोडला नाव मिळालं पोलर कोड. तो शॅननच्या मर्यादेपर्यंत पोचतो हे सिद्ध करता येत होतं, बांधायचा कसा हे माहीत होतं, आणि उलगडायची आकडेमोडही आवाक्यातली होती. छोट्या संदेशांना मात्र तो कमी पडत होता. दोन वर्षांनी इदो ताल आणि अलेक्झांडर वार्डी यांनी उलगडण्याची रीत सुधारली आणि ती उणीव बरीचशी भरून निघाली.

मधल्या काळात, १९९० नंतरच्या दशकात, गॅलागर यांचा कोडही पुन्हा उजेडात आला होता. आता संगणक तेवढे ताकदवान झाले होते. २०१६ साली ५जीचे नियम ठरवायला जगभरच्या कंपन्यांचे अभियंते जमले, तेव्हा दोन्ही कोडांसाठी जोरदार रस्सीखेच झाली. शेवटी कामं वाटून दिली गेली. मोठ्या डेटासाठी एलडीपीसी, आणि टॉवर व फोन यांच्यातल्या छोट्या नियंत्रण-संदेशांसाठी पोलर कोड.

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. आज पुण्यात किंवा पणजीत कुणी ५जीवर व्हिडिओ पाहतो, तेव्हा चित्र येतं गुरूच्या कोडमधून. ते चित्र कोणत्या क्षणी, कोणत्या लहरीवर घ्यायचं, ही टॉवरची सूचना येते शिष्याच्या कोडमधून.

गुरूने न चालणाऱ्या वाटेवर आयुष्य अडवून ठेवलं नाही. शिष्याने एका वाटेला आयुष्याचा मोठा हिस्सा दिला. वरवर पाहता दोघांची रीत उलटी, पण आपले आणे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे दोघांनीही ठरवून टाकलं होतं.

तात्पर्य: सगळीकडे आठ-आठ आणे लावून कुठलंच काम सोळा आणे होत नाही. एक वाट भरायची तर दुसरी रिकामी ठेवावी लागते. आणि ती आपण जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे, हे लक्षात असलं म्हणजे तिची खंत उरत नाही, उलट मदतच होते.