नाव दिलेली यंत्रे

केर काढणाऱ्या यंत्राला लाडाचे नाव ठेवणारी घरे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. अमेरिकेत हे बरेच आधी घडले. जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये ‘रूम्बा’ या केर काढणाऱ्या यंत्राच्या मालकांचा अभ्यास केला. अनेकांनी त्याला नाव दिले होते, कोणी ‘तो’ किंवा ‘ती’ ठरवले होते, कोणी सजवलेही होते. यंत्र बिघडले की ‘नवे नको, आमचेच दुरुस्त करून द्या’ असे म्हणणारे ग्राहकही निघाले. नव्याने केर तितकाच निघाला असता. म्हणजे जीव जडला तो कामावर नव्हे, ‘माझे’ या शब्दावर. ममता हा शब्द मुळात ‘मम’पासूनच आलेला आहे.

याला मोह म्हणून लगेच मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. नाव दिलेली वस्तू माणूस जपून वापरतो, ऊठसूट टाकून देत नाही. दसऱ्याला आपण मिक्सरला आणि स्कूटरला झेंडू वाहतो, त्यातही कृतज्ञताच असते. पाहायचे ते इतकेच, की वेळ आल्यावर ती वस्तू हातातून सुटते का?

आपल्याकडे भांड्यांवर नावे घातलेली असत. पातेली, पराती शेजारच्या लग्नकार्याला जात आणि नाव पाहून परत येत. नाव होते म्हणून निर्धास्तपणे देता येई. जपानमध्येही असेच काहीसे घडले. सोनी कंपनीने ‘आयबो’ या यंत्रकुत्र्याचे उत्पादन २००६ साली थांबवले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. पुढच्या वर्षापासून चिबा प्रांतातील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात निकामी आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. अंगावर तो कोणत्या घरचा ते सांगणारी चिठ्ठी असे. ऐकून हसू येईल. पण विधीनंतर त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्यांच्या आयबोंना बसवले जात. रीतसर निरोप दिला की देणे जड जात नाही.

मला खटकते ते वेगळेच. ज्या घरात यंत्राला ‘चिंटू’ म्हणून हाक मारतात, त्याच घरात दहा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या ताई कित्येकदा नुसत्या ‘बाई’ असतात. फोनमध्येही तसेच लिहिलेले. चिंटू सोफ्याखाली अडकला की सगळे धावतात; ताईंचे खाडे मात्र कॅलेंडरवर मांडून ठेवलेले असतात. चिंटूचे बरे आहे, त्याला नाव दिले की काम संपले. ताईंना नावाने ओळखायचे तर त्यांची गुडघेदुखी, मुलीची फी आणि गावची जत्राही ओळखावी लागते.