गोड की हिताचं? (गीता १७.१५)



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. भगवंत इथे वाणीचं तप सांगतात. बोलणं कुणाला पोळणारं नसावं, खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. सोबत स्वाध्यायही हवा. खरं बोलून जखम करणं सोपं आहे. गोड बोलून वेळ मारून नेणं त्याहून सोपं. हे सगळं एकाच वाक्यात साधायचं, म्हणून तर त्याला तप म्हटलंय.

माझा निम्मा दिवस दुसऱ्यांचा कोड तपासण्यात जातो, त्यामुळे हा श्लोक मला लिनक्स कर्नलच्या एका पॅचमध्ये दिसतो.

जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधलेला टीसीपीमधला एक दोष जाहीर झाला, 'सॅक पॅनिक'. पाठवलेल्या डेटातले कोणते तुकडे मिळाले हे समोरचं मशीन कळवतं, ते सॅक. कर्नल असे पोहोचलेले तुकडे एका बफरमध्ये गोळा करतो. त्यात १७ भाग, एक्स८६ प्रोसेसरवर प्रत्येक भाग ३२ किलोबाइटपर्यंत. समोरच्याने मुद्दाम सेगमेंट अगदी लहान ठेवायला लावले, तर एकेकात डेटा उरतो जेमतेम ८ बाइट. म्हणजे सेगमेंट झाले ६९,६३२! आणि मोजायला जागा १६ बिटांची, ६५,५३५ ला संपणारी. आकडा उलटतो, हिशेब जुळत नाही आणि कर्नल स्वतःच सगळं थांबवतो. सर्व्हर बाहेरून पाडता येत होता. दोष होता २००९ च्या २.६.२९ आवृत्तीपासून.

एरिक डुमाझे यांनी केलेली दुरुस्ती थोडक्या ओळींची आहे: गोळा केल्यावर मर्यादा ओलांडणार असेल, तर गोळा करूच नका.

आता विचार करा. मशीन थांबवणारी ती तपासणीच काढून टाकली असती तर? पॅनिक बंद, सगळे खूश. पण आकडा खोटाच राहिला असता. हे झालं नुसतं प्रिय. हित मुळाशी असतं.

मध्यंतरी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीचा पॅच माझ्याकडे आला. क्रॅश थांबत होता, पण चुकीचा आकडा येत होता तो येतच होता. रिलीज तोंडावर, तिचं पहिलंच मोठं काम. 'छान' लिहून मोकळं व्हायचा मोह होता. मी लिहिलं, "क्रॅशची जागा तू अचूक पकडलीस. आता हा आकडा इथवर येतोच कसा, ते आपण मागे जाऊन बघूया का?" रिलीज एक दिवस पुढे गेलं. मूळ तिनंच शोधलं.

कर्नलच्या पॅचमध्ये 'फिक्सेस' नावाची एक ओळ असते. दोष कुठल्या जुन्या बदलातून आला ते तीत लिहितात: बदलाचा क्रमांक आणि शीर्षक. माणसाचं नाव त्या ओळीत नसतं. सत्य पूर्ण सांगितलं, पण बोट माणसाकडे दाखवलं नाही. घरच्या भांडणात आपल्याला हे जमतं का?

आणि 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून नाव देणारा काय कबूल करतो? मी नीट तपासलंय, शंका लिहिणाऱ्याला कळवल्यात, मला माहीत असलेली अडचण उरलेली नाही. पण फळाची हमी देत नाही. त्या २०१९ च्या दुरुस्त्यांतल्या एका जोडपॅचने लहान बफर वापरणाऱ्या काही प्रोग्रॅमना अडवलं, आणि डुमाझे यांनीच काही दिवसांत तो सुधारला. कर्म मन लावून करायचं, फळ त्याच्या हाती सोडायचं, आणि पुन्हा कामाला लागायचं.

आजचा संकल्प: कुणालाही चूक सांगण्याआधी स्वतःला विचारू, हे खरं आहे का, त्याच्या हिताचं आहे का, आणि ऐकणाऱ्याला झेपेल असं मी बोलतोय का? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल, तर मात्र गप्प बसायचं नाही.

माउली, आमच्या वाणीला एवढं बळ दे.

जय हरी विठ्ठल!