राखण

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की कशेळे येतं. इथून एक वाट आंबिवलीकडे, पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जाते. मुरबाडचा रस्ता पुढे सिद्धगडाच्या अंगाने निघतो. दोन्ही वाटांवर सगळ्यांचं असं काहीतरी उभं आहे.

आंबिवलीचं लेणं नदीच्या वळणावरच्या कातळात आहे. मधे मोठं दालन, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि भिंतीलगत खडकातलाच सलग कट्टा. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा कट्टा. तो बांधलेला नाही, राखलेला आहे. भोवतीचा दगड काढत गेले आणि माणसाला टेकता येईल एवढा ठेवला. म्हणजे छिन्नी लावण्याआधीच कोरणाऱ्याच्या मनात बसणारी माणसं होती. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची बसायची जागा आधी धरायची, ही समज आपल्या कितीतरी नव्या चौकांत दिसत नाही. तिथे पुतळा उंचावर, भोवती लोखंडी कठडा, कठड्याला कुलूप. गावाने थांबायचं कुठे?

याच तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याला कोंढाण्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागात, मोडलेल्या मूर्तीपाशी ब्राह्मीतली छोटीशी ओळ आहे. कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं, एवढंच ती सांगते. लेण्यांमधून दान देणाऱ्यांची नावं पुष्कळ सापडतात, करणाऱ्याचं फार क्वचित. आणि हा दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर स्वतःचं नाव लिहिताना गुरूचंही लिहून ठेवतो. मूर्ती मोडली, पण ती घडवणारी कला कुणाकडून कुणाकडे आली ते अजून वाचता येतं.

दगड टिकाऊ असतो म्हणून हे सारं टिकलं, असं मात्र मला वाटत नाही. सिद्धगडाचंच घ्या. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी 1942 च्या लढ्यात आझाद दस्ता उभा केला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणं हे या दस्त्याचं मुख्य काम. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. तिथे आज स्मारक आहे. बांधकाम म्हणून पाहिलं तर साधंच. पण दर 2 जानेवारीला, थंडीत, उजाडायच्या आत, माणसं तिथे जमतात आणि ज्योत पेटवतात. त्यासाठी आदल्या रात्री कुणीतरी वाट झाडलेली असते, कुणीतरी तेल-वात बघितलेली असते. महाराष्ट्र शासनाने 1980 च्या दशकात गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली, पुष्कळशी एकाच नकाशावरून. त्यांतली काही आज भरल्या घरासारखी आहेत, काहींच्या दारात गवत माजलंय. नकाशा तोच, सिमेंट तेच. फरक पहाटे उठून येणाऱ्या माणसांचा आहे.

तिकडे डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत लग्नाआधी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. काढत नाहीत, लिहितात. लग्न झालं की त्याचं काम झालं. पुढच्या सारवणात तो जाईल. पुढच्या लग्नाला पुन्हा लिहितील. पुसला जाणारा चौक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कारण त्याच्यावाचून लग्न लागत नाही.

भिंतीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या सासवण्यात 1891 साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती घडवायचं काम. पोरवयात त्यांनी गावच्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले. कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस ते चित्र पडलं, त्यांनी मुलाला जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली आणि त्याच हातांनी पुढे पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा घडवला. 1928 साली त्याचं अनावरण झालं. या गोष्टीत लोक कलेक्टरचं कौतुक करतात. मला त्या देवळाचं अधिक वाटतं. पोराने भिंत रंगवली आणि कलेक्टर येईपर्यंत ती कुणी चुन्याने झाकली नाही!

कशेळ्याच्या परिसरात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. रेषेवर हुकमत असलेली पोरं तिथे नक्की असणार. नाक्यांवरच्या भिंती मात्र अभिनंदनाच्या फ्लेक्सखाली गेल्यात. एक भिंत, फक्त एक, मोकळी ठेवता येईल का? कायमचं चित्र नको. इथला पाऊस ते ठेवणारही नाही. दरवर्षी पाऊस उघडला, भाताची कापणी उरकली, की चुना लावायचा आणि ती मुलांच्या हाती द्यायची. खाली नाव मुलाचं आणि ज्याच्याकडून शिकला त्याचंही. भिंतीलगत ओटा हवाच. चुना कुणी आणायचा, एवढं ग्रामसभेत ठरवावं लागेल.